दुसऱ्याच्या विश्रांतीचा राखणदार

वर्ध्याचा उन्हाळा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना त्याचे वर्णन करून सांगावे लागत नाही. मे महिन्यात सकाळी नऊनंतर रस्ते ओस पडू लागतात, भुई तापते आणि दुपारी घराबाहेर पाऊल टाकणे जिवावर येते. १९३६च्या उन्हाळ्यात याच वर्ध्यातून सेगावकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर एक उंचापुरा, खादीधारी माणूस कागदपत्रे घेऊन रोज पायी जाताना दिसे. मगनवाडीहून सेगाव सुमारे साडेपाच मैल. जाऊन-येऊन अकरा. क्वचित एखाद्या दिवशी दुसरी खेपही पडे. पावसाळ्यात याच वाटेवरची काळी माती पायांना धरून ठेवी. त्या माणसाचे नाव महादेव हरिभाई देसाई. महात्मा गांधींचे सचिव एवढीच त्यांची ओळख सर्वसाधारणपणे सांगितली जाते. ती खरी आहे, पण फार अपुरी आहे.

काम आणि घर यांचा तोल कसा राखावा, याविषयी अलीकडे पुष्कळ बोलले जाते. हा प्रश्न क्रीडा प्रशिक्षकांना जितका छळतो तितका थोड्याच व्यवसायांना छळत असेल. खेळाडूने किती वाजता झोपावे, काय खावे, कोणत्या दिवशी सराव थांबवावा, हे प्रशिक्षक ठरवतो. त्याच्या स्वतःच्या झोपेचे, जेवणाचे आणि सुट्टीचे वेळापत्रक मात्र कोणीच ठरवत नाही. खेळाडू थकू नये म्हणून तो जागा राहतो. महादेवभाईंनी कधी मैदानावर कोणाला घडवले नाही. परंतु एका माणसाची शक्ती अखेरच्या कणापर्यंत कामी यावी म्हणून स्वतःची शक्ती ओतण्याचा हा धर्म त्यांनी २५ वर्षे पाळला. त्या धर्माची किंमत काय असते, हे त्यांच्या आयुष्याइतके स्पष्टपणे सांगणारे उदाहरण वर्धा जिल्ह्याच्या इतिहासात दुसरे नसेल.

महादेवभाईंचा जन्म १ जानेवारी १८९२ रोजी सुरत जिल्ह्यातील सरस या गावी झाला. वडील हरिभाई प्राथमिक शिक्षक होते. आई जमनाबेन महादेव लहान असतानाच गेली. घरात पैसा बेताचा. परंतु शिक्षणाची ओढ होती. प्रचलित रीतीप्रमाणे १९०५ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, त्यांचा विवाह दुर्गाबेन यांच्याशी झाला. सुरतेतील शालेय शिक्षण संपवून ते मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात आले, पदवीधर झाले आणि पुढे कायद्याची परीक्षाही उत्तीर्ण झाले. कायद्याचा अभ्यास करताना चरितार्थासाठी त्यांनी सरकारी भाषांतर कचेरीत नोकरी केली. एका भाषेतील आशय दुसऱ्या भाषेत अचूक उतरवण्याची जी हातोटी त्यांच्या अंगी आली, तिचा पाया याच काळात घातला गेला. जॉन मोर्ले यांच्या तडजोडीविषयीच्या प्रसिद्ध इंग्रजी निबंधग्रंथाचा त्यांनी गुजराती अनुवाद केला. बंगाली शिकून, मित्र नरहरी परीख यांच्यासह रवींद्रनाथ ठाकुरांचे साहित्य गुजरातीत आणले.

वकिलीत मन रमले नाही आणि मिळकतही फारशी झाली नाही. तेव्हा सहकारी बँकेत निरीक्षकाची नोकरी त्यांनी पत्करली. खेड्यापाड्यांतील सहकारी संस्थांचे हिशेब तपासत हिंडायचे, असे हे काम होते. नोकरी स्थिर होती, पगार ठीक होता, रजेचे नियम होते. साहित्याची आवड असणाऱ्या तरुणाला संध्याकाळी वाचायला आणि लिहायला सवड देणारे ते आयुष्य होते. त्यांनी ते आपणहून सोडले.

गांधीजींशी त्यांचा परिचय १९१५ साली अहमदाबादेत झाला. आश्रमाच्या नियमावलीचा मसुदा गांधीजींनी लोकांकडे अभिप्रायासाठी पाठवला होता. महादेवभाई आणि नरहरीभाई या दोघा मित्रांनी त्यावर आपले आक्षेप कळवले. त्यातून झालेली भेट पुढे दोघांच्याही आयुष्याला वळण देणारी ठरली. तरीही महादेवभाईंनी घाई केली नाही. दोन वर्षे त्यांनी विचार केला. १९१७च्या नोव्हेंबरात, गोध्र्याच्या राजकीय परिषदेनंतर, ते दुर्गाबेनसह गांधीजींच्या कामात दाखल झाले आणि चंपारणला गेले. तेथील खेड्यांत शाळा चालवण्यासाठी जी स्वयंसेवक मंडळी जमली होती, त्यांत मुंबईहून आलेल्या अवंतिकाबाई आणि बबन गोखले होते, नरहरीभाई आणि मणिबेन परीख होते आणि दुर्गाबेनही होत्या. म्हणजे सुरुवातीला तरी संसार आणि काम एकाच अंगणात नांदत होते. संसार कामात विरघळून जावा, हीच त्या पिढीची कल्पना होती. तिचे सौंदर्य नाकारता येत नाही; त्याचबरोबर तिने घरातल्या माणसांकडून काय मागून घेतले, तेही नजरेआड करता येत नाही.

१३ नोव्हेंबर १९१७ पासून महादेवभाईंनी रोजनिशी लिहायला घेतली. गांधीजी कोणाशी काय बोलले, कोणाला काय लिहिले, कोणत्या प्रश्नाला काय उत्तर दिले, याची नोंद त्यांनी अखेरपर्यंत ठेवली. त्यांचे हस्ताक्षर मोत्यासारखे होते आणि लिहिण्याचा वेग विलक्षण होता. गांधीजी उठण्याआधी त्यांचा दिवस सुरू होई. गांधीजी झोपल्यानंतर रोजनिशी आणि उरलेला पत्रव्यवहार चाले. सचिव हे केवळ नाव होते. प्रत्यक्षात ते लेखनिक होते, अनुवादक होते, पत्रकार होते, दुभाषे होते, भेटीगाठींचे नियंत्रक होते आणि प्रवासात सामान मोजून घेणारे सोबतीही होते.

या अनेक कामांपैकी एकेक काम एकेका माणसाला पुरून उरले असते. १९२१ साली मोतीलाल नेहरूंच्या ‘इंडिपेंडंट’ या दैनिकासाठी त्यांना अलाहाबादेला पाठवण्यात आले. सरकारने छापखान्यावर घाला घातला, तेव्हा त्यांनी हाताने लिहिलेला अंक चक्रमुद्रित करून काढला आणि त्याबद्दल कारावास पत्करला. १९२८च्या बार्डोली सत्याग्रहाचा इतिहास त्यांनी लिहिला. गांधीजींची आत्मकथा मूळ गुजरातीतून इंग्रजीत आणण्याचे काम मुख्यतः त्यांनीच केले; १९२७ आणि १९२९ साली ती दोन खंडांत प्रसिद्ध झाली आणि जगाने गांधीजींना वाचले ते बव्हंशी महादेवभाईंच्या इंग्रजीतून. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी ते गांधीजींबरोबर लंडनला गेले. जवाहरलाल नेहरूंचे आत्मचरित्र १९३६ साली गुजरातीत आले, तेही त्यांच्याच लेखणीतून. हे सारे मुख्य कामाच्या जोडीला, उरलेल्या वेळेत झाले. तो वेळ कोठून उरत असे, हा प्रश्न पडावा एवढे ते काम आहे.

त्याचे एक उत्तर चमत्कारिक आहे. महादेवभाईंना सलग निवांतपणा मिळाला तो तुरुंगात. १९२१च्या अखेरीस झालेल्या शिक्षेत त्यांनी वाचनाची भूक भागवली. १९३२ साली येरवड्यात ते गांधीजी आणि वल्लभभाई पटेल यांच्यासमवेत होते. तेथे काम होतेच, पण रेल्वेचे वेळापत्रक आणि पाहुण्यांची रांग नव्हती. पुढे बेळगावच्या तुरुंगात एकट्याने काढलेल्या काळात त्यांनी गांधीजींच्या गीतानुवादाचे इंग्रजी भाषांतर केले आणि त्याला विस्तृत प्रस्तावना लिहिली. ते पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९४६ साली प्रसिद्ध झाले. ज्या माणसाला विसावा देण्याचे काम इंग्रज सरकारच्या कोठडीला करावे लागते, त्याच्या मोकळ्या आयुष्यातला व्याप किती असेल, याची कल्पना यावरून यावी.

गांधीजी १९३३ साली वर्ध्याला आले ते जमनालाल बजाज यांच्या आग्रहामुळे. साबरमतीचा आश्रम त्यांनी सोडला होता आणि स्वराज्य मिळेपर्यंत तेथे परतायचे नाही, असे ठरवले होते. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालालजींनी आपली बाग आणि तिच्यातील घर त्यासाठी देऊन टाकले. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ त्या जागेला मगनवाडी हे नाव मिळाले. मुंबई-नागपूर लोहमार्गावरचे हे लहानसे गाव पाहता पाहता देशाच्या राजकारणाचे केंद्र बनले. बजाजवाडीत पुढाऱ्यांचा राबता सुरू झाला, काँग्रेस कार्यकारिणीच्या बैठका होऊ लागल्या, टपाल कचेरीत पत्रांचे गठ्ठे येऊ लागले. या सगळ्या ओघाच्या तोंडाशी महादेवभाई उभे होते.

डिसेंबर १९३५ मध्ये गांधीजींचा रक्तदाब एकाएकी वाढला. डॉक्टरांनी सक्त विश्रांती सांगितली. आता सचिवाचे मुख्य काम बदलले. भेटायला येणाऱ्यांना थोपवायचे, पत्रे गाळून द्यायची, वाईट बातमी केव्हा आणि कशी सांगायची ते ठरवायचे, आणि गांधीजींच्या नावाने जाणारे प्रत्येक वाक्य त्यांना न शिणवता त्यांच्या मनासारखे उतरवायचे. गांधीजींचा दिनक्रम एरवीही एखाद्या कसलेल्या खेळाडूचा वाटावा असा होता. पहाटेची प्रार्थना, सकाळ-संध्याकाळ फिरणे, मोजका आहार, तेलाचे मालिश, दुपारची झोप आणि सोमवारचे मौन. शरीर हे सेवेचे साधन आहे आणि साधन निगुतीने वापरावे, ही त्यांची दृष्टी. त्या दिनक्रमाभोवती कुंपण घालण्याचे काम महादेवभाईंनी केले. मात्र कुंपणाच्या आत त्यांनी स्वतःसाठी जागा ठेवली नाही. मौनाच्या सोमवारीही त्यांची लेखणी थांबत नव्हती. लिहायचे काम तर त्या दिवशी अधिकच असे.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी सेगावला राहायला गेले. खेड्यात, खेडुतांप्रमाणे, शक्यतो एकट्याने राहावे असा त्यांचा विचार होता. सोबत्यांचा लवाजमा त्यांना नको होता. त्यामुळे महादेवभाईंचा मुक्काम मगनवाडीतच राहिला. टपाल वर्ध्याला, छपाईसाठी जाणारा मजकूर वर्ध्याहून, पाहुणे वर्ध्याला उतरणार. आणि ज्यांच्यासाठी हे सारे, ते सेगावला. या दोन टोकांना जोडणारी दोरी म्हणजे महादेवभाईंचे पाय. सकाळी टपाल घेऊन जायचे, गांधीजींसमोर ते मांडायचे, उत्तरे टिपून घ्यायची, परत येऊन ती तयार करायची, ‘हरिजन’ साप्ताहिकाचे लेख लिहायचे, पाहुण्यांची व्यवस्था पाहायची आणि रात्री पुन्हा कागद पुढे ओढायचे. एका मोठ्या माणसाच्या साधेपणाची किंमत दुसऱ्या कोणाला तरी पायांनी मोजावी लागते, हे त्या वाटेने दाखवून दिले. महादेवभाईंनी त्याबद्दल तक्रार केल्याचे दिसत नाही. काही काळाने त्यांनाही सेगावात राहण्यास जागा झाली. सेवाग्राम आश्रमात आजही ‘महादेव कुटी’ पाहायला मिळते.

खेळाच्या जगात याला समांतर जाणारी उदाहरणे आहेत. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम पेशाने शिक्षक होते आणि भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक होते. फुप्फुसाचा कर्करोग अंगात असताना त्यांनी १९६२ साली जाकार्तात भारताला आशियाई सुवर्णपदक मिळवून दिले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. विजयाची छायाचित्रे खेळाडूंची असतात. प्रशिक्षकाचे शरीर आतून काय सोसत होते, हे नंतर कळते. दुसऱ्याच्या यशात आपले यश पाहणाऱ्या माणसाला कामाचा दिवस केव्हा संपला, हेच कळत नाही. कारण दिवस त्याचा नसतोच. आणि काम जितके प्रिय, तितके ते थांबवणे अवघड. नावडते काम माणूस घड्याळाकडे पाहून सोडतो. आवडत्या कामाला घड्याळ नसते. महादेवभाईंच्या बाबतीत तर कामावरचे प्रेम आणि माणसावरची भक्ती एकजीव झाली होती.

आणि घर? दुर्गाबेन आणि महादेवभाई यांना लग्नानंतर जवळजवळ वीस वर्षांनी, २४ डिसेंबर १९२४ रोजी, मुलगा झाला. हेच पुढे गांधीकथेमुळे देशभर परिचित झालेले नारायणभाई देसाई. नारायणचे बालपण साबरमतीला आणि पुढे वर्धा-सेवाग्रामला गेले. वडील वर्षाकाठी कितीतरी महिने गांधीजींबरोबर प्रवासात किंवा तुरुंगात. घरी असले तरी कागदांत बुडालेले. आश्रम हेच मोठे कुटुंब, असे म्हटले की या उणिवेची टोचणी कमी होते. ती नाहीशी होत नाही. वर्ध्यात असताना नारायणने शाळा सोडली. त्याचे शिक्षण वडील आणि आश्रमातील मंडळी यांच्याकडे झाले. तो हळूहळू वडिलांच्या कामात मदत करू लागला. वडील कामातून घरी येत नाहीत, तर मुलाने कामात शिरून वडिलांना गाठावे, असा तो मार्ग होता. त्यातून मुलाला दुर्मीळ शिक्षण मिळाले, यात शंका नाही. दुर्गाबेनना मात्र असा मार्ग सहजी खुला नव्हता. त्या आश्रमात राबल्या, सत्याग्रहात उतरल्या. परंतु त्यांच्या स्वतःच्या इच्छांना किती वाव होता, हा प्रश्न १९३८ साली अगदी उघडपणे पुढे आला.

त्या वर्षीच्या मार्चमध्ये ओरिसातील डेलांग येथे गांधी सेवा संघाचे अधिवेशन होते. जवळच जगन्नाथपुरी. मंदिर हरिजनांना बंद असल्याने गांधीजी तेथे जात नसत. कस्तुरबा आणि दुर्गाबेन यांच्या मनात मात्र दर्शनाची जुनी आस होती. त्या मंदिरात गेल्या. तेरा वर्षांचा नारायण बाहेरच थांबला. गांधीजींना हे कळताच ते अतिशय व्यथित झाले. त्यांचा रक्तदाब वाढला. त्यांनी दोष ठेवला तो महादेवभाईंवर. स्त्रियांना नीट समजावून सांगण्याचे काम त्यांचे होते, असे गांधीजींचे म्हणणे. महादेवभाईंची अवस्था विचित्र झाली. एकीकडे पत्नीची श्रद्धा, जिला त्यांनी आडकाठी केली नव्हती. दुसरीकडे ज्यांच्यासाठी आयुष्य दिले त्यांची वेदना. गांधीजींनी या गोष्टीला अवाजवी महत्त्व दिले, असे त्यांना वाटले आणि त्यांनी गांधीजींना सोडून जाण्याची परवानगी मागितली. गांधीजींनी ती दिली नाही. पुढे या साऱ्या प्रकरणाविषयी महादेवभाईंनी ‘हरिजन’मध्ये मोकळेपणाने लिहिले.

या प्रसंगाकडे सहसा तत्त्वनिष्ठेची गोष्ट म्हणून पाहिले जाते. पण ती एका थकलेल्या माणसाचीही गोष्ट आहे. पत्नीने काय करावे याचा हिशेबही ज्याच्या कामाच्या खात्यावर मांडला जातो, त्याच्यापाशी घर म्हणून वेगळे काय उरते? २० वर्षे अखंड काम केलेल्या माणसाने एकदाच निघून जाण्याची भाषा केली, आणि तीही घर आणि काम यांची सीमारेषा पुसली गेल्याच्या क्षणी, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

त्याच वर्षी महादेवभाईंची प्रकृती ढासळली. ज्या रक्तदाबापासून गांधीजींना जपण्यासाठी ते धडपडत होते, तोच आता त्यांना जडला होता. त्यांना विश्रांतीसाठी शिमल्याला पाठवण्यात आले. गांधीजी पत्रांतून त्यांना आराम करण्यास बजावत राहिले. त्या पत्रांतील माया खरी होती. परंतु माया आणि व्यवस्था यांत फरक आहे. महादेवभाईंच्या अनुपस्थितीत काम कसे चालावे, याची कायमची घडी बसली नव्हती. प्यारेलाल होते, राजकुमारी अमृत कौर मदतीला होत्या; तरी महादेवभाई एका वेळी जे पेलत होते, ते वाटून घेणारी यंत्रणा उभी राहिली नाही. ती उभी करण्याचा आग्रह त्यांनीही धरला नसावा. आपल्यावाचून अडते, ही जाणीव माणसाला जितकी थकवते, तितकीच धरूनही ठेवते. थोडे बरे वाटताच ते पुन्हा कामावर हजर झाले.

पुढची वर्षे उसंत देणारी नव्हतीच. १९३९ साली महायुद्ध सुरू झाले. १९४० साली सेगावचे नाव सेवाग्राम झाले आणि त्याच वर्षी विनोबांपासून वैयक्तिक सत्याग्रह सुरू झाला. निर्बंधांमुळे बंद ठेवलेले ‘हरिजन’ १९४२च्या जानेवारीत पुन्हा निघू लागले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी जमनालालजी अवघ्या ५२व्या वर्षी वर्ध्यात अचानक निवर्तले. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्यांनी राजकारणाचा आणि व्यापाराचा पसारा बाजूला ठेवून गोपुरीत गोसेवेचे काम घेतले होते. कामाचे ओझे उतरवून मनाजोगते साधे काम निवडण्याचा तो प्रयत्न होता. त्यासाठी त्यांना फार थोडे दिवस मिळाले. महादेवभाईंनी तसा प्रयत्नही केला नाही. जुलै महिन्यात वर्ध्याला कार्यकारिणीची बैठक झाली आणि इंग्रजांनी देश सोडावा या मागणीचा ठराव संमत झाला. देश एका निर्णायक वळणाकडे चालला होता आणि त्या वळणावरची कागदपत्रे महादेवभाईंच्या हातांखालून जात होती.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत गवालिया टँक मैदानावर ‘भारत छोडो’चा ठराव झाला. ९ ऑगस्टला पहाटे बिर्ला हाऊसमधून गांधीजी, महादेवभाई आणि मीराबेन यांना अटक झाली. त्यांना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवण्यात आले. महादेवभाईंना एकाच गोष्टीचा घोर लागला होता. गांधीजी तुरुंगात उपोषण करतील आणि या वयात ते त्यांना सोसणार नाही. ते उपोषण टळावे कसे, याच विचारात त्यांचे ते दिवस गेले. पूर्वी कोठडीने त्यांना निवांतपणा दिला होता. या वेळी तेवढाही दिला नाही. १५ ऑगस्टला, शनिवारी सकाळी, त्यांना हृदयविकाराचा झटका आला. डॉ. सुशीला नय्यर यांनी उपचारांची शर्थ केली. गांधीजी त्यांना हाका मारत राहिले. पंचवीस वर्षांत प्रथमच त्या हाकेला उत्तर आले नाही. वय होते ५० वर्षे आणि साडेसात महिने. गांधीजींनी स्वतः त्यांच्या देहाला स्नान घातले. पॅलेसच्या आवारातच दहन झाले. दुर्गाबेन आणि सतरा वर्षांचा नारायण त्या वेळी जवळ नव्हते. अखेरचा निरोपही कामाच्या ठिकाणी, कामातल्या माणसाकडूनच झाला.

१९४४च्या मे महिन्यात सुटका होईपर्यंत गांधीजी त्या समाधीच्या दर्शनाला नेमाने जात. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबाही तेथेच गेल्या आणि महादेवभाईंच्या शेजारी त्यांची समाधी झाली. महादेवभाईंची जागा प्यारेलाल यांनी घेतली. परंतु ती भरून निघाली नाही, हे गांधीजींच्या सहवासातील सर्वांनाच जाणवले. पाच वर्षांनी त्याच तारखेला देश स्वतंत्र झाला. दरवर्षीच्या झेंडावंदनात या योगायोगाची आठवण फारच थोड्यांना असते.

महादेवभाईंची रोजनिशी खंडाखंडाने प्रसिद्ध झाली. १९५५ साली तिला गुजराती भाषेसाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार मरणोत्तर मिळाला. गांधीजींच्या विचारांविषयी आज जे काही नेमकेपणाने सांगता येते, त्यातला मोठा वाटा या नोंदींचा आहे. त्या पानांतून लेखक मात्र जवळजवळ अदृश्य आहे. दुसऱ्याचा प्रत्येक दिवस ज्याने टिपला, त्याचे स्वतःचे दिवस कसे गेले हे शोधायला मुलाकडे जावे लागते. नारायणभाईंनी पुढे वडिलांचे विस्तृत गुजराती चरित्र लिहिले आणि १९९३ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लहानपणी जो सहवास तुकड्यातुकड्यांनी मिळाला, तो सलग करण्यासाठी मुलाला एवढा ग्रंथ लिहावा लागला, असेही म्हणता येईल.

महादेवभाईंचे आयुष्य वाया गेले, असे कोणीही म्हणणार नाही. त्यांनी ते स्वतः निवडले, आनंदाने जगले आणि त्यातून जे निर्माण झाले ते टिकून आहे. त्यांना कोणी राबवून घेतले, असे म्हणणे त्यांच्या निवडीचा अपमान ठरेल. तरीही एक प्रश्न मागे राहतो. गांधीजींच्या झोपेला, फिरण्याला, मौनाला नियमाचे संरक्षण होते. महादेवभाईंच्या विश्रांतीला फक्त इतरांच्या सदिच्छांचा आधार होता. नियम संकटातही टिकतात. सदिच्छा कामाच्या पहिल्याच निकडीत मागे पडते. आठवड्याचा एक दिवस मगनवाडीत दुसऱ्या कोणाच्या स्वाधीन झाला असता, टपालासाठी दुसरे पाय मिळाले असते, शिमल्याहून परतण्याची तारीख प्रकृतीने ठरवली असती, तर स्वराज्याची पहाट महादेवभाईंनी पाहिली असती का, हे सांगता येत नाही. पण तो प्रश्न त्या वेळी वेळेवर कोणी विचारला नाही, एवढे खरे.

आजही भल्या पहाटे मैदानावर पहिला पोहोचणारा आणि दिवे मालवून शेवटी बाहेर पडणारा प्रशिक्षक गावोगावी आहे. त्याच्या मुलांची शाळेतली कार्यक्रमाची तारीख स्पर्धेच्या तारखेशी जुळत नाही आणि त्याची औषधे खेळाडूंच्या खुराकाच्या यादीत बसत नाहीत. त्याच्या निष्ठेचे कौतुक करणारे पुष्कळ असतात. त्याच्या रजेचा अर्ज त्याच्याआधी लिहून ठेवणारे कोणी असावे, एवढेच महादेवभाईंचे चरित्र आपल्याकडे मागते.